ठाण्यात राहून ट्राउटची फ्लाय फिशिंग शिकता येईल का? ऑगस्टअखेर तीर्थनला जावं का?

शिकता येईल, पण ऑगस्टअखेर जाऊ नका. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात तेव्हा पाऊस असतो. नदी गढूळ असली की ट्राउट माशाला फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, दिसतच नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर उत्तम. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते, आणि एरवीही मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

आपल्याकडे उपवनला किंवा उल्हास नदीत ट्राउट मिळणार नाही. त्याला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. 20 अंशांच्या वर तो थकायला लागतो.

पण हात बसवायला ठाणंच बरं. मी घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या लॉनवर रोज सकाळी सरावाला उभा राहायचो. गळ काढून टाका, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. दोरी मागे गेली की ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, मगच पुढे फेका. सगळी गोम त्या अर्ध्या क्षणात आहे. घाई केलीत तर चाबकासारखा फटका ऐकू येतो, आणि खरी फ्लाय असेल तर ती तुटून जाते.

तीर्थनला गेलात की काठाच्या गवतालगत नाकतोड्यासारखी फ्लाय अलगद सोडा. मासा सोडणार असाल तर बिनकाट्याचा, म्हणजे टोकाला उलटा दात नसलेला गळ वापरा आणि हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर दगावू शकतो.