पार्क कमिशनसमोर चाळीस जण बोलले, पण हललं काहीच नाही: असं का होतं आणि आता काय करायचं

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी ठणक वर आली. शहराच्या पार्कातलं शनिवारचं क्रिकेट परमिट नाही म्हणून बंद पाडलं. मग मंडळाची चाळीस माणसं पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनच्या (पार्कांसाठी शहराने नेमलेली नागरिकांची समिती) सभेला गेली, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली, कमिशनरांनी माना डोलावल्या, आणि चार महिने झाले तरी सगळं जिथल्या तिथे. आता तुम्ही विचारताय की तक्रार कुणाकडे करायची. माझं मत, कुणाकडेच नका. शहराच्या दफ्तरी तुमचा विषय अजून जन्मालाच आलेला नाही, तर तक्रार कशाबद्दल करणार?

आधीच सांगतो, मी वकील नाही. पुढचं सगळं कॅलिफोर्नियातल्या मध्यम आकाराच्या शहरांना धरून आहे. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या शहराचा म्युनिसिपल कोड, म्हणजे शहराचे लिखित नियम, बघावा. परमिटचा अर्ज, ऑनलाइन खातं वगैरे तुम्हाला येत असेलच, ते सोडून देतो.

चूक काय झाली ते नीट समजून घ्या, कारण आमच्या गटाचेही दोन हंगाम यातच गेले. तुम्ही सगळे बोललात ते अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, सभेच्या सुरुवातीच्या ‘पब्लिक कॉमेंट’मध्ये. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन अॅक्ट, म्हणजे सरकारी सभा उघडपणे घेण्याचा कायदा, आहे. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि त्यावर नसलेल्या विषयावर कमिशनला चर्चाही करता येत नाही, निर्णय तर लांबच. फार तर ते दोन वाक्यांत उत्तर देतील, एखादा प्रश्न विचारतील, स्टाफला बघायला सांगतील किंवा ‘पुढच्या एखाद्या सभेत घ्या’ म्हणतील. म्हणजे त्या माना डोलावणं ही कायद्याने त्यांना परवडणारी कमाल मर्यादा होती. आपण तिला होकार समजलो. सभेचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, काढून बघा, चाळीस जणांच्या भाषणांची तिथे एखादी ओळ असेल.

त्या सभेत मागायची गोष्ट एकच होती: ‘हा विषय अजेंड्यावर घ्या’. तेही चाळीस जणांनी नाही, तिघांनी मागितलं असतं तरी चाललं असतं. बाकीच्यांनी नुसतं उभं राहून हात वर करायचे. चाळीस वेळा तेच ऐकल्यावर माणसं सहानुभूतीच्या पलीकडे जातात आणि घड्याळाकडे बघायला लागतात.

अजेंडा ठरवतात कमिशनचे अध्यक्ष आणि स्टाफ लायेझन, म्हणजे बहुतेक ठिकाणी पार्क खात्याचे डायरेक्टर किंवा त्यांच्या हाताखालचा सुपरिंटेंडंट. आणि त्यांच्याही वर बसलेला असतो कमिशनचा वार्षिक वर्क प्लॅन. बऱ्याच शहरांत तो कौन्सिल, म्हणजे नगरसेवकांची सभा, मंजूर करते. त्यात नसलेल्या विषयावर स्टाफला तास खर्च करता येत नाहीत, आणि स्टाफने तास खर्च केल्याशिवाय स्टाफ रिपोर्ट येत नाही. स्टाफ रिपोर्ट नसेल तर अजेंड्यावर विषय येऊनही उपयोग शून्य. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे मागणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोचायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बजेट जवळजवळ शिजलेलं असतं. आणि ‘क्रिकेट पिच मंजूर करा’ असं मागू नका. ‘क्रिकेटची मागणी आणि उपलब्ध मैदानं यांवर माहितीपर अहवाल’ मागा. माहितीपर विषयाला नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

आता कमिशनकडे मुळात अधिकार किती, ते. लॉस एंजेलिसच्या पाच सदस्यांच्या बोर्डाकडे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सात सदस्यांच्या कमिशनकडे शहराच्या चार्टरने, म्हणजे शहराच्या घटनेने, दिलेले खरे अधिकार आहेत. लहान शहरांत कमिशन फक्त सल्ला देतं. करायचं की नाही ते कौन्सिल ठरवते आणि प्रत्यक्ष अंमल सिटी मॅनेजरच्या हाताखालचं खातं करतं. मग कमिशनकडे जायचंच कशाला? कारण कौन्सिलसमोर जाताना ‘कमिशनने ५-० ने शिफारस केली’ ही ओळ सोन्यासारखी असते.

तुमच्या क्रिकेटचं भवितव्य ठरतं ते तीन कंटाळवाण्या कागदांत. पहिला फील्ड अॅलोकेशन पॉलिसी, म्हणजे मैदानवाटपाचं धोरण. यात उतरंड असते: आधी शहराचे स्वतःचे कार्यक्रम, मग स्थानिक मुलांच्या ना-नफा लीग, मग स्थानिक प्रौढ, शेवटी बाहेरचे. स्थानिक म्हणजे किती टक्के खेळाडू शहरात राहणारे हवेत, ते तिथेच लिहिलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून जास्त लागतात आणि पत्त्यांसकट रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, मागतात. मंडळ तीन शहरांत पसरलेलं असेल तर त्या शहरात राहणाऱ्यांचा गट वेगळा काढून त्याच्या नावाने अर्ज करा. दुसरा कागद फी शेड्यूल. त्यातले बदल अनेकदा कन्सेंट कॅलेंडरवर, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या यादीत सरकतात, म्हणून ती यादी वाचत जा. तिसरा कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, म्हणजे शहराच्या मोठ्या बांधकामांचा आराखडा, बहुधा पाच वर्षांचा. त्यात ‘पाचव्या वर्षी’ नाव लागलं म्हणून पेढे वाटू नका. पैसे फक्त पहिल्या वर्षाचे मंजूर होतात, बाकीची चार वर्षं म्हणजे नुसती इच्छांची यादी.

पैशाबद्दल आपल्या लोकांचा एक ठाम गैरसमज आहे की शहराकडे पैसा नाही. बांधकामाचा पैसा पुष्कळदा असतो. राज्याच्या क्विंबी अॅक्टखाली नवीन वसाहती बांधणाऱ्यांकडून दर हजार रहिवाशांमागे ३ एकर, काही ठिकाणी ५ एकरांपर्यंत, पार्कची जमीन किंवा तिच्या बदल्यात शुल्क घेता येतं. पण ते शुल्क देखभालीला वापरता येत नाही. त्यामुळे स्टाफच्या पोटात गोळा येतो तो पिच कोण सांभाळणार या विचाराने. तुमच्या प्रस्तावात पिचची मॅट कोण अंथरणार, कोण गुंडाळणार, कचरा कोण उचलणार, किती वाजता, हे नसेल तर ‘समाजाची भावना’ वगैरे वाचायला कुणाला वेळ नाही. आणि ‘पैसे आम्ही देतो, जागा तुम्ही द्या’ हेही वाटतं तितकं सोपं नाही. शहराचा पैसा त्यात मिसळला तर १,००० डॉलरवरच्या कामाला सरकारी प्रचलित वेतनदर लागतो, आणि मंडळातल्या ओळखीच्या काँट्रॅक्टरचं स्वस्त कोटेशन तिथेच कोसळतं.

मैदानाचं गणित स्वतः करून न्या. ६५ यार्डांची बाउंड्री धरली तर वर्तुळाला पावणेतीन एकर लागतात आणि फुटबॉलचं (इथल्या भाषेत सॉकरचं) पूर्ण मैदान साधारण १.६ एकरांचं. म्हणून ‘एक फुटबॉल ग्राउंड द्या’ ही मागणीच चुकीची. शेजारी-शेजारी दोन मैदानं असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत पिच बसतं. मैदानं ११० बाय ७० यार्ड आणि मधे १० यार्ड सोडलेले असतील तर स्क्वेअरला ७५ यार्ड मिळतात, पण स्ट्रेटला ५५ च. म्हणजे स्ट्रेटच्या मागे लहान मुलांचे झोके किंवा पार्किंग असेल तर ती जागा सोडा, पहिल्याच फुटलेल्या काचेबरोबर सगळं संपेल. पिचची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी बॅटिंग करणारा सूर्याशी खेळतो.

पक्क्या काँक्रीट स्लॅबचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका, हे माझं ठाम मत आहे आणि मंडळात यावरून भांडणं होतात हेही माहीत आहे. स्लॅबची कडा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पायात येते. फुटबॉल लीगचे आई-बाप तुमच्यापेक्षा जास्त संघटित असतात, आणि तेही सभेला येतात. एका हंगामापुरता गुंडाळता येणाऱ्या मॅटचा प्रयोग मागा. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे पिच २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद, पण कृत्रिम पिचला किमान ५८ बाय ६ फूट चालतं. गवतावरच्या मॅटवर लेदर बॉल कसाही उसळतो, म्हणून टेनिस बॉलवरच अर्ज करा. विमेवालाही खूश राहतो. मॅट रात्रभर ठेवली तर खालचं गवत पिवळं पडतं, म्हणून त्याच दिवशी उचलायची आणि ठेवायला पेटीची परवानगी त्याच अर्जात मागायची. सगळ्यात महाग पडते ती गोष्ट म्हणजे मॅटचे खिळे स्प्रिंकलरच्या पाइपात जाणं. मेंटेनन्सवाल्यांकडून पाण्याच्या लाइनींचा नकाशा घ्या आणि पहिल्यांदा खिळे ठोकताना त्यांच्या माणसाला उभं करा.

विम्याचं थोडक्यात: बहुतेक शहरं प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचं कव्हर मागतात. सर्टिफिकेटवर शहराचं नाव छापलं की झालं असं एजंट सांगेल. नाही होत. ‘अॅडिशनल इन्शुअर्ड’चं एंडोर्समेंट, म्हणजे तुमच्या विम्यात शहरालाही सामील करणारी पुरवणी, हे वेगळं पान असतं, ते नसेल तर अर्ज शुक्रवारी संध्याकाळी परत येतो.

आता शहराच्या एका ऑफिसातल्या खिडकीबद्दल, नाव घेत नाही. तिथे तोंडी सांगितलं जातं, ‘गवतावर कुणीही खेळा, परमिट लागत नाही’. मग शनिवारी दुसऱ्याच खात्याचा माणूस येऊन परमिट मागतो, आणि सोमवारी त्या खिडकीला काहीच आठवत नाही. दोघंही खोटं बोलत नसतात! मोकळं खेळणं आणि संघटित खेळ यांची व्याख्या पॉलिसीत असते, पण खिडकीवरच्या माणसाने ती वाचलेली नसते. म्हणून तोंडी उत्तर मिळालं की त्याच दिवशी ईमेल: ‘आपण आज असं सांगितलंत, चूक असेल तर कळवा.’ उत्तर नाही आलं तरी ईमेल राहतो. शिवाय पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टखाली (राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा) मागच्या दोन हंगामांचे मैदानवाटपाचे तक्ते मागा. १० दिवसांत देणार की नाही ते सांगावं लागतं, कागद यायला मात्र जास्त वेळ लागू शकतो. मग दोन-तीन शनिवार जाऊन बघा की लीगने अडवलेल्या तासांत मैदानं खरंच वापरात असतात का. रिकाम्या मैदानाचे तारीखवार फोटो चाळीस भाषणांना भारी पडतात.

कमिशनरांना भेटायला हरकत नाही, कॉफीवर दहा मिनिटं देतात. पण पाच जणांच्या कमिशनमध्ये एकाचं मत दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला पोचवत फिरू नका. तीन म्हणजे बहुमत, आणि ती बेकायदा ‘साखळी सभा’ ठरते. सगळ्यांना एकत्र ईमेल केलात तर तो सार्वजनिक कागद होतो, त्यात गेल्या वेळचा राग काढू नका. आणि कृपा करून कमिशनरांना व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेऊ नका. २०२१ पासून एकाच्या पोस्टवर दुसऱ्याने अंगठा दाखवणंसुद्धा अडचणीत आणू शकतं.

एक आडवाट, जी मला सरळ रस्त्यापेक्षा बरी वाटते: मुलांचा क्रिकेट वर्ग शहराच्याच रिक्रिएशन कॅटलॉगमध्ये (शहर चालवतं त्या वर्गांची यादी) काँट्रॅक्ट इन्स्ट्रक्टर म्हणून सुरू करा. फीचा वाटा शहराला जातो, शिकवणाऱ्यांचे लाइव्ह स्कॅनने ठसे घेतात, आणि कॅटलॉग काही महिने आधी बंद होतो म्हणून उन्हाळ्याचा वर्ग हिवाळ्यातच द्यावा लागतो. पण एकदा झाला की तो ‘शहराचा कार्यक्रम’, म्हणजे उतरंडीत सगळ्यात वर. आणि वेटिंग लिस्ट हा मागणीचा असा आकडा आहे की तो स्टाफ स्वतःच रिपोर्टात घालतो.

कुणी विचारेल, आपल्यातलाच एखादा कमिशनवर का नको? जरूर. कोणत्या जागा कधी रिकाम्या होणार याची यादी दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत लावावी लागते, सिटी क्लार्ककडे मागा. २०२० पासून राज्याच्या कायद्याने अशा नेमणुकीला नागरिकत्वाची अट नाही, पण बऱ्याच शहरांचा स्वतःचा नियम ‘नोंदणीकृत मतदार’ मागतो, आणि तिथे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांचं घोडं अडतं. तुमच्या शहरात काय आहे ते कोडमध्ये बघून इथे लिहा, आणि अॅलोकेशन पॉलिसीही चिकटवा. मग अर्ज कोणत्या गटाच्या नावाने करायचा ते नेमकं सांगता येईल.