26/11 नंतर भारताने युद्ध पुकारायला हवे होते का?

आपण विचारले आहे की देशावर हल्ला झाल्यावर युद्ध पुकारणे हे स्वाभिमानी राष्ट्राचे कर्तव्य नाही का, आणि 2008 मध्ये आपण ते टाळले हा भेकडपणा नव्हता का. प्रश्नात 'भेकड' हा शब्द नसता, तर मी बहुधा उत्तर लिहायला बसलो नसतो. हा शब्द मला 7 डिसेंबर 2008 रोजी, रविवारी सकाळी, मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सत्तावीस सभासदांसमोर ऐकवण्यात आला होता, आणि तो ऐकवणारे काका आजही तिसऱ्या मजल्यावर राहतात.

मी तेव्हा आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. सभा टाकीच्या गळतीसाठी बोलावलेली होती. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय सुरू झाले तेव्हा काका उभे राहिले आणि त्यांनी खिशातून टंकलिखित कागद काढून वाचला, की भारत सरकारने पाकिस्तानविरुद्ध तातडीने युद्ध पुकारावे अशी ही सभा मागणी करते, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हा ठराव नोंदणीकृत टपालाने पंतप्रधानांकडे जायचा होता आणि त्याखाली सचिव म्हणून माझी सही लागणार होती.

आज याचे हसू येईल, पण त्या दिवशी कोणी हसले नाही. हल्ल्याच्या रात्री मी फोर्टमधले कार्यालय बंद करून छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून नेहमीची धीमी लोकल पकडली होती, आणि घरी पोहोचून जेवायला बसेपर्यंत त्याच स्थानकावर गोळ्या सुटलेल्या होत्या. इमारतीत असे नऊ-दहा जण होते, ज्यांची गाडी त्या दिवशी थोडी आधीची होती. तीन रात्री आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसून काढल्या आणि 29 तारखेला सकाळी ताजमधली शेवटची चकमक संपली तेव्हा 166 जण गेलेले होते. राग खरा होता, माझाही होता. गेटवेपाशी 3 डिसेंबरला जी अफाट गर्दी जमली तिच्यात मीही होतो.

तरीही मी सही करणार नाही असे सांगितले आणि एक दुरुस्ती सुचवली. दहा माणसे कराचीहून निघून, वाटेत 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन कफ परेडच्या किनाऱ्याला लागली, त्यांना हटकले ते तिथल्या कोळी बांधवांनी; गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे केवळ काठी हातात असताना कसाबच्या बंदुकीला भिडले; आणि राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मानेसरहून येईपर्यंत सकाळ उजाडली. म्हणून सभेने आधी किनाऱ्यावरची गस्त, पोलिसांची शस्त्रे आणि चिलखते यांची मागणी करावी, असे माझे म्हणणे होते. काका म्हणाले, "तुम्ही वॉचमनच्या पगारावर बोला, देशावर बोलू नका," आणि त्यापुढे तो शब्द वापरला.

इथे मी एक गोष्ट केली जिचा मला आजही पश्चात्ताप होतो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, साताऱ्याकडचे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता तुकडीतून निवृत्त झालेले, त्या आठवड्यात आमच्याकडे आले होते आणि गच्चीवर मागे सतरंजीच्या कडेला बसले होते. इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले ते कसे चढले असतील, हे जिन्यातला त्यांच्या कृत्रिम पायाचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांनाच कळेल. त्यांच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "युद्ध मागणाऱ्यांनी आधी यांचा पाय पाहावा."

सगळ्यांच्या माना वळल्या. दाजींनी धोतराचा सोगा डाव्या पायावर नीट ओढून घेतला आणि काहीच बोलले नाहीत.

त्यांचा पाय लढाईत गेलेला नव्हता, हे मी सभेत सांगितले नाही. संसदेवर 13 डिसेंबर 2001 रोजी हल्ला झाल्यावर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये लाखो सैनिक सीमेवर नेऊन उभे केले गेले. दाजींच्या तुकडीकडे राजस्थानात सुरुंग पेरण्याचे काम होते आणि 2002 च्या सुरुवातीला आपलाच एक सुरुंग त्यांच्या पायाखाली फुटला. मे महिन्यात जम्मूजवळच्या कालूचकला जवानांच्या कुटुंबांवर हल्ला झाला, तरी युद्ध झाले नाही. ऑक्टोबरमध्ये फौजा मागे घेण्याचा निर्णय झाला. युद्ध न होताच, सुरुंग आणि अपघात यांत आपले शेकडो जवान गेले.

त्या रात्री जेवणानंतर दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, माझा पाय तुमच्या मीटिंगमधी कशापायी मांडला? पाय गेला त्याचं काय नाय. दहा महिनं वाळूत बसवलं आन् परत जावा म्हनले, ते खुपतंय. जायचं असंल तर जावा म्हनावं, नसंल तर सुरुंग पेरू नका." युद्धविरोधाचा पुरावा म्हणून मी ज्यांना उभे केले, ते युद्धाच्या विरोधात नव्हतेच.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझे मत स्पष्ट आहे: 2008 मध्ये युद्ध न करणे हा योग्य निर्णय होता, आणि तो घेणाऱ्यांना भेकड म्हणणाऱ्यांनी युद्धातून नेमके काय मिळवायचे होते हे कधीच सांगितलेले नाही. 1998 पासून दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे उघडपणे आहेत. तिकडे मुलकी सरकार नुकतेच आले होते, आणि युद्ध पेटले असते तर सगळी सूत्रे पुन्हा सेनाधिकाऱ्यांच्या हाती जाऊन ज्यांनी दहा जणांना पाठवले त्यांचेच फावले असते. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी नंतर लिहिले आहे की सुरुवातीला त्यांचे स्वतःचे मतही दिसेल असा प्रतिहल्ला करावा असेच होते, आणि पुढे विचारांती त्यांना संयम बरोबर वाटला. तेव्हा हा निर्णय मेणबत्ती लावून घेतलेला नव्हता.

संयमाचे फळ मिळाले का? काही मिळाले. जगाचे बोट पाकिस्तानकडे राहिले. तिथल्या सरकारला 2009 मध्ये कसाब आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले, हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या हेडलीला 2013 मध्ये अमेरिकेत 35 वर्षांची शिक्षा झाली, 2012 मध्ये सौदी अरेबियाने हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्यांपैकी अबू जुंदालला आपल्या हवाली केले, आणि हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल 2025 मध्ये भारतात आणला गेला. कसाबला 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात फाशी झाली ती न्यायालयांच्या सगळ्या पायऱ्या चढून. उलट बाजूही सांगतो: हल्ल्यामागच्या लष्कर-ए-तय्यबाचा म्होरक्या लख्वी 2015 मध्ये जामिनावर बाहेर पडला आणि त्या संघटनेचा संस्थापक हाफिज सईदला पुढे शिक्षा झाली ती पैसा पुरवल्याच्या खटल्यात, 26/11 साठी नव्हे. ज्याला हा हिशेब तोट्याचा वाटतो, त्याच्याशी मी फार वाद घालणार नाही.

पण घरातली दुरुस्ती संयमामुळेच झाली, यावर मी ठाम आहे. केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री आणि राज्याचे गृहमंत्री यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या, राम प्रधान समितीने पोलिसांच्या त्रुटी लेखी मांडल्या, राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली आणि कमांडोंचे केंद्र मुंबईत आले. तोफा सुरू असत्या तर काठी घेऊन उभ्या असलेल्या शिपायाविषयी प्रश्न विचारणाऱ्यालाच देशद्रोही ठरवले गेले असते. तिसऱ्या मजल्यावरून तर नक्कीच.

हे सगळे 2008 पुरते. मर्यादित प्रत्युत्तर म्हणजे हमखास महायुद्ध, असे मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे, आणि ते चुकले. उरीनंतर 2016 मध्ये, पुलवामानंतर 2019 मध्ये आणि पहलगामनंतर 2025 मध्ये भारताने प्रत्युत्तर दिले आणि प्रकरण पूर्ण युद्धापर्यंत गेले नाही. पहलगाममध्ये गेलेल्या 26 जणांत तिघे डोंबिवलीचे होते, आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावरचे, आणि 7 मेच्या कारवाईची बातमी आली तेव्हा मलाही बरे वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. 10 मेला शस्त्रसंधी झाली तेव्हा त्याहून अधिक बरे वाटले. आपण हल्ल्यानंतर युद्ध 'करावे का' असे सरसकट विचारता, त्याला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. दाजींचे वाक्य तेवढे आहे.

राहता राहिला ठराव. माझी दुरुस्ती फेटाळली गेली, ठराव मंजूर झाला, सही अध्यक्षांनी केली, पोचपावतीही आली. मी त्याच दिवशी राजीनामा दिल्यामुळे इतिवृत्त काकांनी लिहिले आणि त्यात त्यांनी 'एकमताने मंजूर' अशी नोंद केली. ही नोंद खोटी आहे. बाजूने एकवीस हात होते, दोघे तटस्थ होते आणि विरोधात चार. ती दुरुस्त करावी म्हणून मी आजवर तीन पत्रे दिली आहेत आणि प्रत्येक वेळी 'नोंद घेतली' एवढेच उत्तर आले आहे. त्या चारांत एक मी, एक तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक पहिल्या मजल्यावरचे रेल्वेतले गृहस्थ. चौथा हात कोणाचा होता हे मी कधी सांगितलेले नाही आणि इथेही सांगत नाही; काकांच्या कुटुंबाकडे शेजारशेजारच्या दोन सदनिका आहेत, त्यामुळे मते दोन आहेत, आणि स्वयंपाक अजून एकच आहे.