माणूस, जनावर आणि पर्यावरण यांच्या आरोग्यासाठी राज्य सरकारने एकच खातं का काढू नये?

तुमचा मुद्दा असा की दवाखाने एका खात्याकडे, गुरं दुसऱ्याकडे, जंगल तिसऱ्याकडे. रोग मात्र या तिघांत मोकळा फिरतो, मग सगळं एका छताखाली का आणत नाहीत? मी पशुवैद्यक आहे आणि मला वाटतं, नवं खातं नको. आहेत ती खाती राहू द्यावीत. पण एका खात्याला कळलेली गोष्ट दुसऱ्याला त्याच दिवशी कळवणं बंधनकारक हवं आणि या कामासाठी सामायिक पैसा हवा. गाडं अडतं ते या दोन ठिकाणी.

हे काम मुळात राज्यांचंच आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध हे दोन्ही विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या यादीत, आहेत. वनं आणि वन्यप्राणी 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत, गेले, तरी जंगलात पाय ठेवणारा वनरक्षक राज्याचाच नोकर असतो. केंद्राचं 'वन हेल्थ' मिशन आहे, म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार; त्यासाठीच्या नागपूरच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणीही डिसेंबर 2022 मध्ये झाली. संशोधनाला त्याचा उपयोग होईलच. पण रानात मेलेल्या माकडापर्यंत राज्याच्याच माणसाला पोचावं लागतं.

माकडाचं नाव उगाच घेतलेलं नाही. माकडताप 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आला. विषाणू गोचिडांतून पसरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि काजूच्या बागेत किंवा लाकूडफाट्याला गेलेल्या माणसाला चावतात. म्हणजे मेलेलं माकड ही माणसांसाठी आगाऊ सूचना असते. ती सूचना हाताळते कोण, ते बघा. माकड दिसतं गावकऱ्याला किंवा वनरक्षकाला. वन्यप्राणी असल्यामुळे वन खात्याच्या संमतीशिवाय पशुवैद्यक त्याला हात लावू शकत नाही. शवविच्छेदन आणि नमुने हे पशुवैद्यकाचं काम. तपासणीसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. आणि आजूबाजूच्या वाड्यांना सावध करणं, अंगाला लावायचं तेल वाटणं, तापाचे रुग्ण शोधणं हे आरोग्य खात्याचं. वनरक्षकाने वनक्षेत्रपालांना कळवायचं, त्यांनी वरिष्ठांना, तिथून पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, अशी वाट धरली तर तोवर मृतदेह सडलेला असतो, नमुना वाया गेलेला असतो आणि गोचिडी पसरलेल्या असतात. इथे नव्या खात्याने काय साधेल? वनरक्षकाने थेट आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन करायचा, असा एक स्पष्ट शासन निर्णय हवा आणि तसा फोन केला म्हणून त्याला कुणी जाब विचारता कामा नये.

पैशाचं उदाहरण रेबीजचं. चावा घेतलेल्या माणसाची लस आणि सीरम यांचा खर्च आरोग्य खातं करतं. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायतींची. परिसरातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर सिद्ध झालंय. पण नगरपालिकेने कुत्र्यांवर खर्च केला तर बचत दिसते आरोग्य खात्याच्या हिशेबात. स्वतःच्या तिजोरीतून दुसऱ्याचा खर्च कमी करायला कोण पुढे येईल? म्हणून माझा आग्रह एका सामायिक लेखाशीर्षाचा, म्हणजे अर्थसंकल्पातल्या एका सामायिक खर्चाच्या खात्याचा आहे, ज्यातून जिल्हाधिकारी तिन्ही बाजूंना पैसे देऊ शकतील. समित्या कितीही नेमा, पैसा नसेल तर त्या चहापुरत्याच भरतात.

पर्यावरणाची बाजू सगळ्यांत दुबळी राहते. नदीच्या पाण्याची नेहमीची तपासणी बीओडी, सीओडी अशा, पाण्यात किती घाण आहे हे सांगणाऱ्या मोजमापांभोवती फिरते. कोंबड्यांच्या शेडमधून आणि रुग्णालयांतून वाहून येणाऱ्या प्रतिजैविकांचा तिच्याशी संबंध जोडला जात नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली ती, हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपल्यावर. गोठ्यातल्या औषधाचा परिणाम आकाशात दिसेपर्यंत आपण थांबलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

केरळने या बाबतीत पुढचं पाऊल टाकलंय. 2018 मध्ये कोझिकोड आणि मलप्पुरम भागात वटवाघळांकडून माणसांत येणाऱ्या निपाह विषाणूने 17 जणांचा बळी घेतला आणि पुढे 2023 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्यांनी 'वन हेल्थ'चा विचार घेतला. कायद्यात असलं की अधिकारी बदलला तरी काम थांबवणं अवघड होतं.

तुमच्या जिल्ह्यात काय चाललंय हे बघायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात झुनोटिक समितीची, म्हणजे जनावरांकडून माणसांत येणाऱ्या रोगांसाठीच्या समितीची, चौकशी करा. समिती असेल तर माहितीच्या अधिकारात तिच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. वन खात्याचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कुणी हजर होतं का आणि आधीच्या बैठकीत ठरलेलं कुणी, किती दिवसांत केलं, एवढं त्यात शोधा.