सर्टिफिकेट घेण्याआधी माल काट्यावर ठेवा

तुमची पोस्ट वाचली आणि गेल्या वर्षीचा मीच डोळ्यांसमोर आलो. चीनहून स्टीलच्या बाटल्या न्हावा शेवाला उतरवता, आणि कन्सल्टंट म्हणतो, "ईपीआरचं मी बघतो, दोन टनांची प्लास्टिक सर्टिफिकेटं घेऊन टाकू, विषय संपला." (ईपीआर म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिक पॅकिंगच्या कचऱ्याची आपल्यावरची जबाबदारी. तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लावणाऱ्याची सर्टिफिकेटं विकत घेऊन ती पुरी करता येते.) तुम्ही विचारलंय, पैसे देऊ का? माझं उत्तर, आज नको.

रजिस्ट्रेशन वगैरे झालंच असेल, त्यात शिरत नाही. मी कुठे आपटलो ते सांगतो.

माझं गोडाऊन मशीद बंदरला. वर्षाला चाळीसेक हजार बाटल्या. माझ्या कन्सल्टंटने बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमच्या आयातीच्या कागदावर, "बाटली" वाचलं आणि सगळं वजन पहिल्या कॅटेगरीत, म्हणजे कडक प्लास्टिकमध्ये टाकलं. अहो, बाटली स्टीलची! आणि ती प्लास्टिकची असती तरी ती माल आहे, पॅकिंग नव्हे. मोजायचं असतं ते तिच्याभोवतीचं. पण मी तरी कुठे पाहिलं? ईपीआरचा वार्षिक रिटर्न भरायची तारीख तोंडावर, त्याने फोनवर भाव सांगितला, मी "बरं" म्हटलं. दीड टन घेतली.

नंतर शेजारच्या सोनाराकडून काटा मागून आणला आणि एक बाटली सोलत बसलो. पातळ पिशवी 9 ग्रॅम, बबल रॅप 31 ग्रॅम. दोन्ही दुसऱ्या कॅटेगरीतलं, लवचीक प्लास्टिक. चाळीस हजार बाटल्यांचं झालं 1,600 किलो. कडक प्लास्टिक फक्त गिफ्ट बॉक्सच्या ट्रेमध्ये, वर्षाचं जेमतेम 60 किलो. म्हणजे घेतलेली सर्टिफिकेटं मला पंचवीस वर्षं पुरतील, आणि जी हवी होती त्यातलं एक नाही.

2022 च्या ईपीआर नियमांत मोकळीक भरपूर आहे. जास्तीची सर्टिफिकेटं मागच्या वर्षाच्या तुटीला लावा, पुढच्या वर्षी न्या, नाहीतर विका. पण हे सगळं त्याच कॅटेगरीत. पहिलीतलं दुसरीला चालत नाही. ही एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती तर!

मग पिशवीत पॅकिंगचे नमुने भरून एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, पोर्टलवर टाका. टाकलं. आठ दिवसांनी तक्रार "निकाली", उत्तर कोरं. पुन्हा गेलो, तर टेबल बदललेलं. तिसऱ्या खेपेला नुसता चहा पिऊन परत आलो. शेवटी दुसऱ्या कॅटेगरीची नव्याने घेतली, ऐन गर्दीत, समोरचा सांगेल त्या भावाने. विकत घेतली नसती तर पर्यावरण भरपाई, म्हणजे दंडासारखी रक्कम, बसली असती. ती भरूनही जबाबदारी सुटत नाही, तूट पुढच्या वर्षांवर येते. एका वर्षात पूर्ण केलीत तर भरपाईचे 75 टक्के परत, दोन वर्षांत 60, तीन वर्षांत 40, त्यानंतर रामराम.

आणखी एक खड्डा. रिसायकलिंगचं सर्टिफिकेट वेगळं आणि सिमेंटच्या भट्टीत जाळल्याचं वेगळं. 2024-25 साठी दुसऱ्या कॅटेगरीत किमान 30 टक्के रिसायकलिंग हवं होतं, आणि जाळल्याची जास्तीची सर्टिफिकेटं त्या खात्यात धरत नाहीत. स्वस्त दिसली की आधी हे विचारा. पाऊचमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कागदाचा थर असेल तर ती तिसरी कॅटेगरी.

इथले काही जण म्हणतील, ही पद्धतच भंकस. मला तसं वाटत नाही. नागपूरच्या कुणाच्या स्वयंपाकघरातून माझा बबल रॅप मी गोळा करत फिरावं यात काय अर्थ आहे? ज्याला ते स्वस्तात जमतं त्याने करावं, मी पैसे द्यावेत. सुरतेत 2019 पासून कारखान्यांच्या धुरातल्या कणांचे परवाने असेच विकले-घेतले गेले आणि अभ्यासकांच्या हिशेबात प्रदूषण 20 ते 30 टक्के कमी झालं. पण तिथे चिमणीला धूर मोजणारं यंत्र लावलेलं होतं. आपल्याकडे 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांच्या आसपास बोगस प्लास्टिक सर्टिफिकेटं सापडली. म्हणून रिसायकलर स्वतः जाऊन बघावा, निदान फोन तरी करावा. मी वसईला जाऊन मशीन चालू आहे का ते पाहून आलो. आमचे मेहुणे हसले. हसू देत.

मी वकील नाही, सीए नाही. नियम दरवर्षी हलतात, तेव्हा भरायच्या आधी ताजं परिपत्रक बघाच. आणि सप्लायरला बबल रॅपऐवजी कागद लावायला सांगून पाहा. आमच्याने दोन मेलमध्ये ऐकलं, नमुन्याच्या पेटीत पिशवीसुद्धा नव्हती.

तुमच्या बाटल्यांना प्लास्टिकचा ट्रे असेल तर मेसेज करा. माझी पहिल्या कॅटेगरीची अजून पडून आहेत. व्यवहार पोर्टलवरूनच, आणि आधी तुम्ही ट्रेचं वजन पाठवायचं.