शेवटासकट सांग

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. एकदा हसू आलं म्हणून, आणि एकदा आजीच्या स्वयंपाकघराचा वास आल्यासारखं झालं म्हणून. तू लिहिलंस, "बाबा, आजी जेवताना पिक्चरची पूर्ण स्टोरी सांगते, शेवटासकट. काका, काकू, दादा सगळे ऐकत बसतात. कुणाला स्पॉयलरचा राग कसा येत नाही? मग पिक्चर बघायचाच कशाला? आणि मला नि दादाला सुट्टीत बघायला थोडे मराठी पिक्चर सांग, सगळ्यांना माहीत असलेले नकोत. शेवट न सांगता."

शेवट न सांगता! कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे म्हणजे रस्सा न वाढता मटण वाढ म्हटल्यासारखं झालं. पण प्रयत्न करतो.

आधी आजीचं. ती "मी पिक्चरला गेलो" म्हणते त्याने तू पहिल्या दिवशी दचकली होतीस. कोल्हापुरात जुन्या बायका असंच बोलतात, आलो, गेलो, खाल्लो. सवय होईल. मला सांगायचंय ते तिच्या सांगण्याबद्दल. पुढच्या वेळी ती सुरू झाली की तिच्या हाताकडे बघ. गोष्टीतला म्हातारा दारात येऊन थांबला की तिचा घासही हवेत थांबतो. "आन् मग त्यो काय करतोय…" असं म्हणून ती घास तोंडात घालते, सावकाश चावते, वर पाणी पिते. तोवर काकासुद्धा भात कालवायचा थांबलेला असतो, आणि त्याने तो पिक्चर दोनदा बघितलेला असतो.

माझ्या लहानपणी घरातून एका वेळी एक किंवा दोघंच थेटरात जायचे. सगळ्यांची तिकिटं परवडायची नाहीत, आणि परवडली तरी म्हैस कुणी पिळायची, बाळंतिणीजवळ कुणी बसायचं? माझी आत्या, म्हणजे तुझी आत्याआजी, उभ्या आयुष्यात तीन-चारदा थेटरात गेली असेल. पण तिला पिक्चर किती तोंडपाठ होते विचारू नकोस. जो बघून येईल त्याने दुसऱ्या दिवशी तो तिला सांगायचा, असा घरचा नियमच होता. ती लसूण सोलत ऐकायची आणि मध्ये मध्ये विचारायची, "साडी कुठल्या रंगाची हुती?" पिक्चर काळा-पांढरा असला तरी विचारायची. आम्ही बिनदिक्कत रंग सांगायचो. कुणी खाऊ एकट्याने खाल्ला की आई ओरडायची, तसंच बघून आलेला पिक्चर पोटात ठेवला तरी ओरडा बसायचा.

गल्लीतही हेच. तालमीच्या कट्ट्यावर रात्री एक रिक्षावाला यायचा. नऊ ते बाराचा शो बघून आलेला असला तर दुसऱ्या दिवशी त्याचा चहा फुकट. पार्श्वसंगीतसुद्धा तो तोंडाने वाजवायचा. कुणी मध्येच "हे बघितलंय मी" म्हटलं की म्हणायचा, "गप ऐक. तू बघितलास त्यो येगळा." आणि खरंच वेगळा असायचा. त्याने सांगितलेली एक हाणामारी बघायला मी मुद्दाम गेलो, तर पिक्चरमध्ये ती निम्मीसुद्धा नव्हती.

तू म्हणशील, ही गरजेची सवय झाली. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत, मग अजून का? मला वाटतं शेवट कळला की मजा जाते हे आपल्याकडच्या माणसाच्या मनात फारसं बसलेलंच नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान पाठ असतं. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी 1920 साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला तेव्हा बघणाऱ्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की भीम कीचकाला मारणार. तरीही तो वध बघून लोक हबकले. प्रभात फिल्म कंपनीने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरातच केला. त्यातला हरिश्चंद्र स्मशानात पोचणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लोक गेले ते दुर्गा खोटे तारामती कशी उभी करते ते बघायला. काय होतं ते आधी सांगून टाकायचं, म्हणजे कसं होतं तिकडे नीट लक्ष लागतं. आजी तेच करते, फक्त तिला कुणी विचारलेलं नाही.

अर्थात याचा मला इथे, नोकरीच्या गावी, त्रास झालेला आहे. नोकरीतल्या पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एकाला मी मोठ्या प्रेमाने एक पिक्चर सांगितला, मध्यंतर, शेवट, सगळं. पुढे तो आठवडाभर माझ्याशी जेमतेम बोलत होता. मला वाटलं स्टोरी आवडली नसेल.

आता पिक्चर. तुझ्या अटीवर.

पहिला ‘विहीर’, 2009 चा, उमेश कुलकर्णीचा. तू आणि दादा आत्ता ज्या वयात आहात, आणि ज्या तऱ्हेने माडीवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुजबुजता (काकू बोलली मला), त्या वयाचा आणि त्या कुजबुजीचा हा पिक्चर आहे. दोन मावसभाऊ, सुट्टी, लग्नघर, वाडा आणि विहीर. पुढचं सांगायला जीभ शिवशिवतेय. आजीला घेऊन बसू नका, पहिल्या अर्ध्या तासात "ह्यात काय व्हतच न्हाई" म्हणून उठेल. तुम्ही उठू नका.

‘गाभ्रीचा पाऊस’ त्याच वर्षीचा, सतीश मनवरचा. विदर्भातला शेतकरी. शेजारच्याने जीव दिलाय, आणि आता ह्याच्या बायकोला धास्ती बसलीय की आपलाही नवरा तेच करणार. मग ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, घरात गोडधोड करायला लागते, आणि त्या बिचाऱ्याला कळतच नाही की घरात एवढे लाड अचानक कशाने सुरू झाले. विषय असा आणि तरी तू हसशील. हसल्यावर तुला स्वतःचीच जरा लाज वाटेल. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी, आणि आजीच्या कामात ज्योती सुभाष. भाषा वऱ्हाडी आहे, दोन-चार शब्द अडतील, पण आजीची कोल्हापुरी पचवतेस तर हेही पचेल.

‘जोगवा’चं नाव दादाने ऐकलं असेल, निदान गाणी तरी. पण गाणी ऐकणारे दहा असले तर पिक्चर बघितलेला एक भेटतो. देवीला सोडलेली माणसं, जोगते आणि जोगतिणी, त्यांची ही गोष्ट. राजन गवस आपल्या गडहिंग्लजकडचे. त्यांच्या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. राजीव पाटीलने केलाय. उपेंद्र लिमये साडी नेसून येतो तिथे त्याच्या खांद्यांकडे बघ, माणूस आतून कसा आवळत जातो ते. हा काकूबरोबर बघ. तिच्या माहेरी डोंगरावरच्या देवीचं बरंच काही असतं, मीही कधी ऐकलं नाही असं काहीतरी ती तुला सांगेल.

मग ‘एक होता विदूषक’. हा मात्र माझा हट्ट समज. 1992 साली मी पंधरा वर्षांचा होतो. लक्ष्मीकांत बेर्डे म्हटल्यावर मी आणि काका पोट धरून हसायच्या तयारीने गेलो. थेटरात मोजून वीस-पंचवीस डोकी. पुढच्या रांगेतल्या पोरांनी सुरुवातीला शिट्ट्या मारल्या, मग थांबल्या, आणि मध्यंतरानंतर त्यातले निम्मे आलेच नाहीत. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणात ओढला जातो, आणि सगळ्यांना हसवणाऱ्या या माणसाला एक हसू काही केल्या मिळत नाही. जब्बार पटेलांचा पिक्चर, लिहिलाय पु. ल. देशपांडेंनी. घरी येताना काका रंकाळ्याला सायकल लावून बसला आणि बराच वेळ बोलला नाही. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याला आठवतं का विचार. नाही म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस.

आजीबरोबर बघायला दोन. ‘ब्रह्मचारी’, 1938 चा. विषय आचार्य अत्र्यांचा, पिक्चर मास्टर विनायकांचा, हंस पिक्चर्सचा, म्हणजे कोल्हापूरचाच. एक भाबडा पोरगा भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि मग मीनाक्षी शिरोडकर येते. पोहायच्या पोशाखातलं तिचं ते गाणं त्या काळात किती गाजलं ते आजी सांगेल, तेव्हा तिचा जन्म झालेला नसला तरी सांगेल. आवाज खरखरतो, चित्र उड्या मारतं, पण विनोद अजून ताजा आहे.

आणि ‘साधी माणसं’, 1965, भालजी पेंढारकरांचा. ‘ऐरणीच्या देवा’ तुला आजीनेच झोपवताना म्हटलंय. संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. त्या नावाने त्या संगीत द्यायच्या. लोहाराचं जोडपं, जयश्री गडकर आणि सूर्यकांत. गाणं सगळ्या महाराष्ट्राला येतं, पण ती ठिणगी कुठल्या घरात उडाली ते बघितलेली माणसं कमी. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ आपल्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. संध्याकाळी काकाबरोबर त्या भिंतीकडेनं फिरून ये.

तसंच पुढे खरी कॉर्नरला जा. तिथे चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण. रिक्षा, वडाप, हॉर्न, कुणी वर बघत नाही. मीही शाळेत जाताना कधी बघितलं नाही. बाबूरावांनी शिकवायला कुणी नसताना कॅमेरा स्वतः जुळवला. 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट केला, सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याचा. त्या शेतकऱ्याचं काम केलं व्ही. शांताराम यांनी, तेव्हा ते कंपनीतलाच एक तरुण पोरगा होते. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या पिक्चरांच्या काळात हे केलं. तुझ्या यादीत मी याला पहिला नंबर दिला असता. पण त्या मूकपटाची प्रिंट आज नाही. पुढे 1936 मध्ये त्यांनी तो पुन्हा बोलपट म्हणून केला, पण पहिला गेला तो गेला.

आणि तरी त्यातला एक प्रसंग मला माहीत आहे. रात्र, अंधारात बुडालेली एक झोपडी, आणि बाहेर रडणारं कुत्रं. बघितलेल्यांनी ते पुढच्यांना सांगितलं, कुणी लिहून ठेवलं, आणि शंभर वर्षांनी मी तुला सांगतोय. त्यांनी "आम्ही सांगत नाही, तुमचा तुम्ही बघा" म्हटलं असतं, तर ते कुत्रं कधीच गप्प झालं असतं.

बाकी, दुपारी उन्हात हिंडू नकोस. मिसळीचा कट सोसत नसेल तर मुकाट्याने दही माग, लाजू नकोस, काकासुद्धा चोरून घेतो.

एक काम कर. गेल्या रविवारी आजी मला फोनवर एक जुना पिक्चर सांगत होती. नाव तिला आठवत नव्हतं. एक शिक्षिका गावात येते, पाटलाच्या वाड्यात खोली घेते, आणि वाड्यातल्या माडीचं एक दार कायम बंद असतं. अगदी मध्यंतरापर्यंत आली आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या, "थांब आलो" म्हणून गेली ती परत आलीच नाही. आठवडा झाला, त्या दाराने माझी झोप खाल्लीय. तिला विचार आत काय होतं. आणि मला लिही, शेवटासकट.

तुझा,
बाबा