मिटलेल्या कलमापर्यंत नेणारी लिंक

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर नियमांचा उघडमीट होणारा मेनू आहे. एक कलम उघडले की आधीचे आपोआप मिटते. ‘विलंब शुल्क’ या सातव्या कलमाची लिंक सभासदाला पाठवली, तर कलम मिटलेलेच दिसते. ते उघडून तिथवर सरकण्याचा कोड जोडला, तर पान नवव्या कलमावर जाऊन थांबते. काय चुकते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मिटलेला मजकूर ‘डिस्प्ले : नन’ या सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) सूचनेने लपवलेला असेल, तर पानाच्या मांडणीत त्याला जागाच नसते, आणि जिला जागा नाही अशा गोष्टीपाशी ब्राउझर सरकू शकत नाही. म्हणून पत्त्यातील हॅश (#) चिन्हापुढचा आयडी, म्हणजे पानावरील त्या भागाची ओळखखूण, वाचून तो घटक शोधावा, त्याला वेढणारे सगळे गट आतून बाहेर उघडत जावे आणि मगच सरकावे.

पान नवव्या कलमावर जाते ते घाईमुळे. समजा, तिसरे कलम उघडे आहे आणि त्याच्या मजकुराची उंची 600 पिक्सेल आहे. आपला कोड सातव्याची जागा मोजतो तेव्हा तिसरे पुरते मिटलेले नसते. ते मिटले की सातवे तेवढेच वर सरकते आणि वाचक त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. असे मेनू बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बूटस्ट्रॅप या तयार कोडसंचात ही उघडमीट 0.35 सेकंद चालते. अंदाजाने अर्धा सेकंद थांबण्याचा तोडगा अनेक जण वापरतात, पण मला तो पटत नाही. उघडणे पूर्ण झाल्यावर बूटस्ट्रॅप ‘शोन’ ही सूचना देते, तिची वाट पाहून ‘स्क्रोल इंटू व्ह्यू’ ही पान त्या घटकापर्यंत सरकवणारी आज्ञा चालवावी. वरची पट्टी स्थिर असेल, तर शीर्षक तिच्याखाली दडते. त्यासाठी ‘स्क्रोल मार्जिन टॉप’ या सीएसएस गुणधर्माला पट्टीच्या उंचीइतके मूल्य द्यावे.

खरे तर नियमावलीसाठी एवढा खटाटोप नको. एचटीएमएलचे ‘डिटेल्स’ (उघडमीट होणारा भाग) आणि ‘समरी’ (त्याचे शीर्षक) हे टॅग वापरले, तर क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत लिंकवरून आलेल्या वाचकासाठी कलम आपोआप उघडते. मात्र आयडी ‘डिटेल्स’ला किंवा ‘समरी’ला न देता आतल्या मजकुराला, म्हणजे पहिल्या परिच्छेदाला, द्यावा; नाहीतर पान योग्य जागी येते आणि कलम मिटलेलेच राहते. आणि एक उघडताच दुसरे मिटवण्याची सक्तीही काढून टाकावी, कारण सभासदाला दोन कलमे शेजारी ठेवून वाचायची असतातच.