आधी दिराला चहाला पाठव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कॅन्सर विभागात समुपदेशक म्हणून रुजू झालीस, हे कळलं. निपाणीची असल्यामुळं मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं बोलतेस. ते तुझ्या पदवीपेक्षा जास्त कामाला येणार आहे.

आपल्या बेळगावकडं काय होतं बघ. डॉक्टर कन्नडमध्ये, नाहीतर इंग्लिशमध्ये बोलतात. खानापूरच्या जंगलभागातून आलेल्या, चंदगडकडून आलेल्या (त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ) कितीतरी बायकांना मराठीशिवाय काही येत नाही. मग मधे बोलतो दीर, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा. डॉक्टर स्तनाच्या कॅन्सरबद्दल दहा मिनिटं समजावून सांगतात आणि दीर मागं वळून म्हणतो, "बारीक गाठ आहे वहिनी, काढली की झालं." त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण स्तन, पाळी, नवऱ्याजवळ जाणं, हे तो वहिनीपुढं बोलणार कसा? मुलगा तरी आईपुढं कसा बोलेल? तिला काही विचारायचं असलं तर तेही त्याच्याच तोंडून जायचं, म्हणून ती विचारतच नाही. "तुम्ही कराल ते" म्हणते आणि वाचता न येणाऱ्या फॉर्मवर सही करते. फाईलमध्ये लिहिलं जातं, पेशंट शांत आहे. त्या शांतपणावर विश्वास ठेवू नकोस.

आधी दिराला चहाला पाठव आणि दार लोटून घे. "कसं वाटतंय?" विचारलंस तर "बरं आहे की" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा झोप लागते का, पहाटे किती वाजता जाग येते, घरात तुमचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय का, असं विचार. ताटाच्या प्रश्नाला पुष्कळ जणींचा बांध फुटतो. हा रोग शिवल्यानं होत नाही, हे मग सासूला समोर बसवून सांग, आणि ती ज्या भाषेत भांडते त्याच भाषेत सांग.

केसांचं बोलणं तर कुणी काढतच नाही. ज्या किमोनं केस जातात, त्यात ते पहिल्या डोसनंतर साधारण 2 ते 3 आठवड्यांनी गळू लागतात. कमरेपर्यंत केस असलेली एक बाई होती. न्हाताना पुंजका हातात आला, तेव्हा तिला कळलं. माझ्याकडं आली ती चिडूनच. म्हणाली, "अक्का, आधी सांगितलं असतं तर मीच कापून घेतले असते. केसावर भांडी देणारी येते आमच्याकडं, एक पातेलं तरी आलं असतं." आणि पदर तोंडाला लावून हसली. केस गेल्याचं दुःख होतंच. पण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं, हे तिला जास्त लागलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी घरचे हमखास म्हणतील, "आता वय झालं, काय करायचंय ठेवून, सगळंच काढा." पंचेचाळिशीतल्या बाईबद्दल मी हे ऐकलंय. अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जननी केलेल्या अभ्यासाचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 साली आले. नुसती गाठ काढून शेक (रेडिएशन) घेतलेल्या बायका, पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या होत्या. प्रत्येकीला ते जमतंच असं नाही, गाठीचा आकार आणि जागा बघावी लागते. पण जमण्यासारखं असेल तर तिला ते मराठीत कळू दे, आणि वय झालं की नाही ते तीच सांगू दे.

स्वतःला दोष देणं फार. अंगावर पाजलं नाही म्हणून झालं का, बादलीचा मार लागला होता त्यानं झालं का? मार लागून कॅन्सर होत नाही. पाजल्यानं धोका थोडा कमी होतो, पण चार लेकरं पाजलेल्यांनाही हा रोग होतोच. दुसरी काळजी मुलीच्या स्थळाची. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जनुकातला दोष 5 ते 10 टक्के केसेसमध्येच असतो, हे सांग. मात्र आई, बहीण, मावशी अशी रांग दिसली तर खोटा धीर देऊ नकोस, डॉक्टरांकडं ने.

शेवटचा शेक झाला की घरचे पेढे वाटतात, दीर कामाला लागतो, फोन थांबतात. माझ्या मते खरी पडझड इथून सुरू होते. इतके दिवस तारखा होत्या, नर्स होत्या. आता पाठ दुखली तरी तिला वाटतं, परत आलं. तपासणीची तारीख जवळ आली की जेवण जात नाही. घरचे म्हणतात, "बरी झालीस की, आता काय?" म्हणून उपचार संपलेल्यांची एक वही वेगळी ठेव आणि त्यांना तूच फोन कर. फोन नवऱ्यानं उचलला तर "ताईंना द्या" म्हणायचं, लाजायचं नाही.

"जगून काय करू" असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नकोस. जीव द्यायचं मनात येतं का, असं सरळ विचार. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटी सोडू नकोस, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं ने. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर लिहून दे. फुकट आहे, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही.

आणि औदासीन्यावरच्या गोळ्या सुरू होणार असतील, तर टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, चालू आहे का ते आधी बघ. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या औदासीन्यावरच्या गोळ्यांमुळं टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या औषधात रूपांतर कमी होतं. वेगळी गोळी देता येते, पण मानसोपचारवाल्या डॉक्टरांना कुणी सांगितलं तर ना! चिठ्ठी घेऊन बहुतेक दीरच जातो. तेव्हा "टॅमॉक्सिफेन चालू" असं चिठ्ठीवर लाल पेननं तूच लिहून दे.

तुझी,
अक्का